नेपाळच्या अनाथाश्रमात मुलांना भेटायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेकला, मुक्तिनाथाला किंवा पशुपतिनाथाच्या दर्शनाला निघालेले आपले लोक मला नेहमी विचारतात, "काठमांडूत एखादा चांगला अनाथाश्रम सांगा ना." कारण मी तिथे स्वयंसेवक म्हणून राहून आले आहे. त्या एका प्रश्नामागून येणारे बाकीचे प्रश्नही आता पाठ झालेत. दर वेळी फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ट्रेकच्या शेवटी काठमांडूत दोन दिवस मोकळे आहेत. मुलांना भेटून खाऊ, वह्या-पेन्सिली द्याव्या म्हणतो. कुठे जावं?

कुठेही जाऊ नका. हे वाचून वाईट वाटेल, मला माहीत आहे. तुमच्या मनात माया आहे म्हणूनच तुम्ही विचारताय. पण ती माया आणि तिच्यासोबत येणारे पैसे यांच्यावर नेपाळात एक धंदा उभा राहिला आहे, आणि त्या धंद्याला मुलं लागतात. मुलं मिळवायची तर ती कुणाच्या तरी घरातून आणावी लागतात.

असं कसं? ती मुलं अनाथच असतात ना?

बहुतेक नसतात. "सेव्ह द चिल्ड्रन" या संस्थेने २००९ मध्येच लिहून ठेवलं आहे की जगभरातल्या अनाथाश्रमांतल्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांची आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत असतात. नेपाळही याला अपवाद नाही. कंबोडियात सरकार आणि युनिसेफ यांनी मोजणी केली, तेव्हा तिथेही चारातल्या साधारण तीन मुलांना आई किंवा बाप होताच. त्याच कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या १५४ वरून २६९ वर गेली. त्या काळात तिथे ना युद्ध होतं ना एवढी मोठी साथ. वाढले होते ते पर्यटक.

नेपाळचा नकाशा समोर घेऊन एक गोष्ट बघा. २०१५ च्या आसपास तिथे पाचशेच्या वर बालगृहं होती. देशात तेव्हा ७५ जिल्हे होते, पण साधारण नव्वद टक्के बालगृहं फक्त पाच जिल्ह्यांत: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. कास्की म्हणजे पोखरा, चितवन म्हणजे जंगल सफारी. आपण ट्रॅव्हल एजंटकडून जी सहल ठरवतो, तिच्यातली हीच तर ठिकाणं. गरिबी खूप जास्त आहे ती पश्चिमेकडच्या कर्णालीत. आणि तिथली मुलं भेटतात काठमांडू-पोखऱ्यात, आपल्या हॉटेलपासून पंधरा मिनिटांवर.

आई-बाप असताना मुलं तिथे पोहोचतातच कशी?

याची सुरुवात समजून घ्यायला हुमला जिल्ह्याकडे बघावं लागतं. नेपाळच्या वायव्य कोपऱ्यात, तिबेटला लागून. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण सिमिकोट, तिथे नेपाळगंजहून छोटं विमान जायचं, नाहीतर कित्येक दिवसांची पायपीट. १९९६ ते २००६ ही दहा वर्षं देशात माओवाद्यांचं युद्ध चाललं होतं. ते गावात यायचे आणि घरटी एक माणूस मागायचे, त्यात पोरंसोरंही जायची. शाळा बंद पडलेल्या. अशा वेळी ओळखीतलाच कुणीतरी येऊन सांगायचा, "पोराला काठमांडूला नेतो, बोर्डिंग शाळेत घालतो, इंग्रजी शिकेल, सुरक्षित राहील." आई-बाप जमीन विकून, कर्ज काढून त्या दलालाला पैसे द्यायचे. तुम्ही-मी तिथे असतो तर आपणही दिले असते.

पुढे काठमांडूत त्या मुलांच्या नावाने आई-बाप वारल्याची खोटी कागदपत्रं तयार व्हायची. काहींची नावंही बदलली जायची. मुलांना पढवलं जायचं: कुणी विचारलं तर सांगायचं, आई नाही, बाबा नाही.

हे उघड करणाऱ्यांत कॉनर ग्रेनन या अमेरिकन तरुणाचं नाव घ्यावं लागेल. तो २००४ मध्ये काठमांडूजवळच्या गोदावरीत एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून आला होता. मुलांना आई-बाप आहेत हे कळल्यावर २००६ मध्ये तो हुमलात पायी गेला, गावोगाव हिंडून कुटुंबं शोधली. त्यातून "नेक्स्ट जनरेशन नेपाळ" ही संस्था उभी राहिली. मुलांना घरी परत पोहोचवायचं, हेच तिचं काम.

युद्ध संपलं, पण दलालांची वाट तशीच राहिली. कारण आता दुसऱ्या टोकाला आपण उभे होतो. परदेशी पाहुणा येतो, रडतो, पैसे देऊन जातो आणि घरी गेल्यावर आणखी पाठवतो, हे कळलं की माणसं खोली भाड्याने घेऊन पाटी लावतात.

तुम्ही स्वतः गेला होतात. तुमचा अनुभव काय?

बी.एड. संपलं आणि नोकरी लागेपर्यंत मधे तीन महिने होते. मैत्रिणीबरोबर ललितपूरमधल्या एका बालगृहात गेले. नाव घेत नाही. भाड्याची तीन मजली इमारत, खाली पत्र्याचं फाटक, बावीस मुलं. आम्ही राहण्या-जेवण्याचे म्हणून आठवड्याला पैसे भरत होतो आणि रोज दुपारी इंग्रजी शिकवत होतो. मी तिथे खूप रमले होते, हे आधी सांगून टाकते.

पहिल्याच संध्याकाळी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी शेजारी येऊन बसली. नाव विचारेल असं वाटलं. तिने विचारलं, "दिदी, कहिले जाने?" ताई, कधी जाणार? मी म्हटलं, तीन आठवड्यांनी. तिने मान हलवली आणि एक वही आणली. येणारा प्रत्येक जण तिच्या वहीत नाव, देश आणि एखादं चित्र काढून द्यायचा. फुलं, सूर्य, "आय विल नेव्हर फर्गेट यू". माझ्या आधी तीस नावं होती. एकतिसावं मी लिहिलं. मीसुद्धा फूलच काढलं.

दुसरा प्रसंग निघायच्या आदल्या आठवड्यातला. अंगणात मुलांना गाणं शिकवत होतो. फाटकाशी एक माणूस आला, डोक्यावर टोपी, खांद्यावर मक्याचं पोतं, हातात भोपळा. धादिंग जिल्ह्यातल्या गावाहून बसने आला होता. तो फाटकाबाहेरच दगडावर बसून राहिला, पाहुणे आहेत म्हणून त्याला आत घेतलं नाही. व्यवस्थापक म्हणाले, "गाववाला आहे, एका पोराचा काका." तासाभराने एका मुलाला बाहेर सोडलं. त्या माणसाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मग गुडघ्यावर बसून त्याच्या बुटाची नाडी बांधली. मुलगा एक शब्द बोलला नाही. सतत वळून आमच्याकडे बघत होता, आपलं काही चुकत तर नाही ना, असं. मी गाणं चालू ठेवलं. निघताना स्वयंपाकघरातल्या बाईने भांडी घासता घासता सांगितलं, तो त्याचा बाप होता.

मी त्या दिवशी गाणं थांबवलं नाही, हे अजून मनातून जात नाही.

आम्ही गेलो तेव्हा मुलं धावत येऊन बिलगली. किती खूश होती! त्यात त्यांचं वाईट काय झालं?

आपल्या घरातलं चार वर्षांचं मूल आठवून बघा. दारात अनोळखी माणूस आला तर ते आईच्या मागे लपतं, पदर धरतं. हळूहळू डोकावतं. ओळख पटली की मग मांडीवर. हे निरोगी मुलाचं वागणं. जे मूल पहिल्या मिनिटाला कुणाच्याही गळ्यात पडतं, त्याच्या वाट्याला "आपलं" असं एक माणूस आलेलं नसतं. बालमानसशास्त्रातले लोक याकडे काळजीचं लक्षण म्हणूनच बघतात.

रोमानियात १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं सरकारी अनाथालयांत होती. तिथे बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्मी मुलं त्यांना सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांत गेली, निम्मी संस्थेच्या देखरेखीत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, नाती जोडण्याची ताकद सगळंच सुधारत गेलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सगळ्यात जास्त. संस्थेत अन्न आणि छप्पर होतंच की. नव्हतं ते रोज रात्री तेच एक माणूस.

आता यात आपल्या भेटी मिसळा. दर पंधरा दिवसांनी नवीन ताई, नवीन दादा. लळा लावायचा, विमानतळावर जायचं. त्या वहीतली तीस नावं म्हणजे तीस वेळा तुटलेला लळा.

आम्ही फक्त दोन तास जाणार. लळा लागण्याइतका वेळही नाही.

दोन तासांचा त्रास वेगळा असतो. पाहुणे येणार म्हणून शाळा बुडते, अभ्यास बाजूला राहतो, नवे कपडे घालून रांगेत उभं राहायचं, नाच करून दाखवायचा. पर्यटनाच्या हंगामात हे किती वेळा होत असेल, विचार करा. आपल्या मुलांच्या खोलीत रोज वीस अनोळखी माणसं शिरली, त्यांच्या पलंगावर बसली, पापे घेतले तर आपण चालवून घेऊ का? कंबोडियातल्या "फ्रेंड्स इंटरनॅशनल" या संस्थेने २०११ पासून एक मोहीम चालवली आहे: मुलं ही पर्यटनस्थळं नव्हेत. मोहिमेच्या चित्रात काचेच्या पेटीत मुलं आणि बाहेर फोटो काढणारे पर्यटक आहेत.

मी प्रशिक्षित शिक्षिका आहे आणि महिनाभर थांबू शकते. मग तरी?

मीही बी.एड. होते. नेपाळी येत नव्हतं, मुलांचा अभ्यासक्रम माहीत नव्हता, माझ्या आधीच्या स्वयंसेवकाने काय शिकवलं हे सांगायला कुणी नव्हतं. मुलांना इंग्रजी रंगांची नावं इतकी घोटून झाली होती की मी फळा पुसायच्या आत ती "रेड, ब्लू, ग्रीन" म्हणायला लागली.

शिकवायचंच असेल तर तिथल्या शिक्षकांना मदत करा. शिक्षक प्रशिक्षणाचं काम करणाऱ्या नेपाळी संस्था आहेत, सरकारी शाळा आहेत. मूल शाळेत शिकून संध्याकाळी आईकडे जातं, तिथे तुमचं कसब लागेल.

व्हिसाचं काय? माझा भाचा न्यू जर्सीला असतो, तो कॉलेजच्या सुट्टीत जाणार आहे.

भारतीय पासपोर्टवर नेपाळला व्हिसा लागत नाही. अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट असेल तर लागतो, आणि पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारी स्वयंसेवासुद्धा नाही. "सगळे असंच करतात" असं त्याला कुणी सांगितलं असेल, तर ती संस्था कायदा किती गांभीर्याने घेते हे तिथेच कळलं.

भाच्याला आणखी एक विचारा: संस्थेने त्याच्याकडून पोलीस पडताळणीचा दाखला मागितला का? त्याच्या गावातल्या डे-केअरमध्ये पाऊल टाकायला जो लागेल, तो काठमांडूतल्या मुलांच्या झोपायच्या खोलीत शिरायला का लागत नाही? जिथे कुणालाही येऊ देतात, तिथे मुलांना त्रास द्यायच्या हेतूने येणाराही सहज येतो. असे गुन्हे नेपाळमध्ये घडले आहेत आणि परदेशी माणसांना त्यात शिक्षाही झाल्या आहेत.

संस्था नोंदणीकृत आहे, वेबसाइट छान आहे. मग विश्वास ठेवायला काय हरकत?

नोंदणी हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. नेपाळच्या २०१८ च्या बालबालिका कायद्यात बालगृह हा अगदी शेवटचा पर्याय आहे. आधी नातेवाईक, मग सांभाळायला तयार असलेलं दुसरं कुटुंब, आणि हे काहीच जमलं नाही तरच संस्था. म्हणून फोन करून साधे प्रश्न विचारा. तुमच्याकडच्या किती मुलांचे आई-वडील हयात आहेत? ते भेटायला येतात का, मुलं दशैंला, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याला, घरी जातात का? गेल्या वर्षी किती मुलं कायमची घरी परतली? चांगली संस्था शेवटच्या प्रश्नावर उत्साहाने बोलायला लागते. आणि "या, कधीही या, मुलांना भेटा" असं जी पहिल्या फोनवर म्हणते, तिथे जाऊ नका. जबाबदार संस्था पाहुण्यांना मुलांपर्यंत पोहोचूच देत नाही. तुम्हाला राग येईल, पण त्या नकाराचा मान ठेवा.

कपडे, दप्तरं, बूट तरी देऊ ना?

आमच्या बालगृहात तळमजल्याला एक कुलूपबंद खोली होती. एकदा वह्या आणायला आत गेले, तर छतापर्यंत नवे बूट, स्वेटर, खेळणी. मुलं फाटक्या चपलांत. चांगले बूट घातलेली मुलं बघून पाहुणे पैसे देत नाहीत, हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. सगळीकडे असंच असेल असं म्हणत नाही.

पण आपल्याकडेही आपण आश्रमात वाढदिवस करतो, आजोबांच्या श्राद्धाला जेवण घालतो. त्यात काय वाईट?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटतो. आमच्या घरीही ही पद्धत होती. वडिलांच्या वर्षश्राद्धाला आम्ही आश्रमात श्रीखंड-पुरी नेली होती. अन्नदानामागची भावना खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही.

पण त्या पंगतीत बसलेल्या मुलाकडून बघा. दुसऱ्याच्या मुलाचा केक कापताना टाळ्या वाजवायच्या. आपला वाढदिवस कधी, हे अनेकांना माहीतच नसतं. जेवायच्या आधी हात जोडून दात्यांचे आभार मानायचे. असं महिन्यातून पाच-सहा वेळा. जेवणाचे पैसे जरूर द्या, कार्यालयात देऊन पावती घ्या आणि या. मुलांसमोर उभं राहून द्यायची गरज नाही.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मूल संस्थेत ठेवायचं की नाही हे बाल कल्याण समिती ठरवते. शिवाय महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आजी, मामा, काका असं कुणी मुलाला घरी सांभाळत असेल तर त्या घराला दरमहा मदत मिळते. कोविडमध्ये आई-बाप गमावलेल्या कितीतरी मुलांना तिचा आधार झाला. तुमच्या ओळखीत अशी आजी असेल तर तिचे अर्ज भरून द्यायला बसा. एका दुपारचं काम आहे, आणि नातवंड घरीच राहतं.

भूकंपासारखी आपत्ती आली, तेव्हा तरी अनाथाश्रम लागतातच ना?

२५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप. जवळपास नऊ हजार माणसं गेली. त्या गोंधळात दलाल सिंधुपाल्चोक, गोरखा, धादिंगच्या उद्ध्वस्त गावांकडे निघतील, ही भीती सरकारला आणि युनिसेफला लगेच वाटली. म्हणून नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली गेली, आणि पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी आली. जगभरातून "आम्ही अनाथाश्रम काढतो" म्हणणाऱ्यांची रीघ लागली असताना हा निर्णय झाला. आपत्तीत मूल हरवतं, पण त्याचा काका, मावशी, शेजारी बहुतेक वेळा सापडतात. त्यांना छपराचे पत्रे, तांदूळ आणि शाळेची फी मिळाली तर ते मुलाला सोडत नाहीत.

जगात इतर कुणी याकडे गंभीरपणे बघतं का?

हो. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी आधुनिक गुलामगिरीत मोडते असं म्हटलं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवी पर्यटनाने होणाऱ्या नुकसानीचा उल्लेख केला.

सगळे आश्रम बंद केले तर मुलं रस्त्यावर येतील.

एका रात्रीत बंद करा असं कुणी म्हणत नाही. घर शोधायला वेळ लागतो. समाजसेवक गावात जातात, आई-बापांशी बोलतात, मुलाला आधी फोनवर आवाज ऐकवतात, मग भेट, मग दशैंची सुट्टी घरी. काही मुलं स्वतःची बोली विसरलेली असतात, आईशी बोलायला दुभाषा लागतो. काहींचं घर खरोखरच सुरक्षित नसतं, त्यांना दुसरं कुटुंब शोधावं लागतं. काही मुलं खरोखर अनाथ असतात. या सगळ्या कामाला पैसे लागतात, आणि त्याचे फोटो आकर्षक येत नाहीत. म्हणून तिथे देणगी कमी पडते.

मी चार वर्षं एका मुलीचा खर्च पाठवतेय. आता थांबवू का?

एकदम थांबवू नका. तिच्या शाळेची फी त्यावर अवलंबून असेल. आधी संस्थेला पत्र लिहा: तिच्या घरच्यांचा शोध घेतला आहे का? ती घरी परतली तर माझे पैसे तिच्या शाळेसाठी गावात पाठवता येतील का? उत्तर हो आलं, तर चालू ठेवा, जास्त पाठवा. टाळाटाळ झाली किंवा "तिला कुणीच नाही" एवढंच उत्तर परत परत आलं, तर मुलांना घरी पोहोचवण्याचं काम करणाऱ्या एखाद्या नेपाळी संस्थेला ती माहिती द्या आणि पैसे तिकडे वळवा.

फोटो? आधीच फेसबुकवर टाकलेत.

काढून टाका. मुलाचं तोंड, नाव आणि "अनाथ" हा शब्द एकत्र आला की तो त्याला मोठेपणीही चिकटून राहतो. मी माझे सगळे काढले.

काठमांडूत थामेलच्या, म्हणजे पर्यटकांच्या वस्तीतल्या, हॉटेलात कुणी अनाथाश्रम दाखवायला नेतो म्हणालं, किंवा रस्त्यात मुलाच्या बाबतीत काही संशयास्पद दिसलं तर?

स्वतः जाऊन बघू नका, मुलाला प्रश्न विचारू नका, वादही घालू नका. जागा, वेळ आणि जे दिसलं ते लिहून ठेवा आणि १०९८ ला फोन करा. आपल्याकडच्या चाइल्डलाइनचा जो क्रमांक, तोच नेपाळच्या बाल हेल्पलाइनचाही आहे. मूल हरवलेलं वाटलं तर तिथला क्रमांक १०४. हिंदीत बोललात तरी समजून घेतात. तुमच्या ट्रेक लीडरलाही हे दोन्ही क्रमांक आत्ताच पाठवून ठेवा, वरच्या गावांत रेंज जाते.